झाकणावरचं पाणी

आईचा उजवा हात मनगटात मोडला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मागच्या पडवीत पाय घसरला, पडताना हात टेकला आणि मोडला. प्लॅस्टर सहा आठवडे ठेवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा गेल्यापासून ती गावी एकटीच राहते, अलिबागपासून आठ-दहा किलोमीटरवर आमचं घर आहे, आणि पुण्याला माझ्याकडे यायला ती तयार नव्हती, कारण मागची वाडी, मांजर, आणि मुख्य म्हणजे हा मोसम सोडून कशाला जायचं असं तिचं म्हणणं. मग मीच लॅपटॉप घेऊन तिकडे गेलो. मुलांच्या शाळा होत्या म्हणून बायको पुण्यातच राहिली. घरात आम्ही दोघं आणि स्वयंपाक माझ्याकडे.

स्वयंपाक मला येत होता. पुण्यात रविवारी मीच करतो, मुलांना आवडतोही. पण तो सगळा एका साच्यातला, कांदा परतायचा, टोमॅटो घालायचा, मसाला, पाणी, वर झाकण किंवा दोन शिट्ट्या, मग आत फ्लॉवर असो, मटार असो, दुधी असो. बारा महिने तोच कांदा-टोमॅटो. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नव्हतं कारण चव बरी यायची.

आई गेली पन्नास वर्षं स्वयंपाक करतेय आणि या पन्नास वर्षांत तिनं कुणाला काही समजावून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. विचारलं की ती "हे बघ, असं" म्हणायची आणि हातानं करून दाखवायची, आणि आपण बघून विसरून जायचो. आता तो हात गळ्यातल्या झोळीत. म्हणजे 'असं' म्हणजे नक्की कसं ते तिला तोंडानं सांगावं लागणार होतं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ती बसायची आणि मी ओट्यापाशी. ते सहा आठवडे मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे.

पहिल्या दिवशी लाल माठ होता, शेजारच्या काकूंनी त्यांच्या परसातला आणून दिलेला, मुळं नि माती सकट. मी निवडला, चिरला, चाळणीत घेऊन धुतला. तेव्हाच ती म्हणाली की आधी धुवायचा आणि मग चिरायचा, चिरून धुतलास तर सगळा रंग नि चव मोरीत. मग फोडणी केली, लसूण, सुकी मिरची, भाजी घातली, आणि सवयीनं अर्धी वाटी पाणी ओतलं.

"पाणी कशाला घातलंस?"

"करपेल म्हणून."

"अरे, तिच्या अंगात आहे ना पाणी!"

खरंच होतं. दोन मिनिटांत कढईभर माठ मूठभर झाला आणि तळाला एवढं लालभडक पाणी सुटलं की माझं अर्धी वाटी धरून ते आटवायला वीस मिनिटं गेली, आणि तोवर पाल्याचा लगदा. मीठही मी आधीच घातलं होतं, चिरलेल्या ढिगाच्या अंदाजानं, त्यामुळे भाजी खारट. पालेभाजी बसली की मग मीठ घालायचं, एवढी साधी गोष्ट. आईनं ती भाजी भाताशी कालवून पूर्ण खाल्ली, काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा माठच आणायला सांगितला.

त्या दिवसापासून मला एक नाद लागला, प्रत्येक गोष्ट हातात घेतली की हिच्यात पाणी किती ते बघायचं. आणि माझं प्रामाणिक मत असं झालंय की आपला रोजचा साधा घरगुती स्वयंपाक, वरण भात भाजी भाकरी, हा पाण्याचाच हिशोब आहे. मसाला नंतर. मोसम बदलतो म्हणजे काय होतं, तर भाजीच्या अंगातलं पाणी बदलतं. पावसाळ्यातला पाला पाणीदार, लगेच बसणारा. उन्हाळ्यातला तोच माठ जाड आणि जून, त्याला पाण्याचा एक हबका लागतो. थंडीतलं वांगं कोवळं असतं, बिया नसल्यासारख्या, नुसत्या तेलावर परततं. तेच वांगं मार्चच्या शेवटी बियांनी भरतं आणि कितीही शिजवा, मऊ झालं तरी गोडवा येत नाही. भाजी आणून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवली की तिच्यातलं पाणी जातं, मग आपण ते वरून घालतो, आणि वरून घातलेलं पाणी हे नुसतं पाणी असतं. मग चव आणायला मसाला घालावा लागतो. माझ्या कांदा-टोमॅटोचं मूळ तिथे होतं.

भाताचंही तसंच. आमच्याकडचा तांदूळ घरचाच, दिवाळीच्या सुमाराला कापलेला, म्हणजे जानेवारीत अगदी नवा. मी पुण्याच्या सवयीनं दुप्पट पाणी घातलं आणि भाताची खीर झाली. नवा तांदूळ मुळात ओला, तो कमी पाणी मागतो आणि तरी चिकट होतो, जुना झाला की तोच दाणा कोरडा, भरपूर पाणी पितो आणि मोकळा फुलतो. आई तांदळावर बोट टेकवून पेरानं पाणी मोजते, आणि पेर तेच पण नव्या तांदळाला पेराच्या खाली थांबते, होळीनंतर पेरावर, पावसाळ्यात पेराच्याही वर. कप-वाटीच्या मापात हे बसत नाही. पाककृतीत 'दोन वाट्या पाणी' लिहिणाऱ्यानं तांदूळ कधीचा ते लिहिलेलं नसतं, आणि तिथेच ती पाककृती अर्धी राहते.

मग पातीचा कांदा. थंडीत तो रोज मिळतो. पात चिरून नुसत्या फोडणीवर टाकायची, झाकण न ठेवता, तिला पाणी सुटलं की त्यावर बेसन भुरभुरायचं. पीठ पेरून भाजी म्हणतात ती. मला लहानपणापासून वाटायचं की पीठ भाजी वाढावी म्हणून घालतात, चार माणसांत पुरावी म्हणून. तेही असेलच. पण आई म्हणाली, "पातीचं पाणी वाया कशाला घालवायचं, पीठ पितं ते." बेसन ते पाणी शोषून घेतं, त्याच वाफेवर शिजतं, आणि पातीची सगळी चव पिठात उतरते. मुळ्याच्या भाजीत हरभऱ्याची डाळ का, पडवळात डाळ का, ते मला त्या दिवशी एकदम कळलं. जिथे भाजी पाणी सोडणारी, तिथे बरोबर काहीतरी पिणारं. कुणी कधी शिकवलं असेल हे पहिल्यांदा? कुठल्या बाईला कुठल्या वर्षी सुचलं असेल? तिचं नाव कुठे नाही, पण तिची भाजी दर थंडीत घराघरात होते.

भोगीला आईनं सकाळी सहालाच उठवलं. एरवी आमच्याकडे तांदळाची भाकरी, पण भोगीला तीळ लावलेली बाजरीची, त्यामुळे पीठ मुद्दाम आणलं होतं. भोगीच्या भाजीत त्या आठवड्यात जे जे शेतात आणि बाजारात असतं ते सगळं. वांगी, गाजर, घेवडा, पावटे, ओले हरभरे, शेंगदाणे, बोरं, उसाचे बारके तुकडे. वर तिळाचं कूट. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हे आजी म्हणायची, आईही म्हणते. सगळं एकत्र टाकायचं असं मी समजत होतो, पण नाही, क्रम आहे. आधी शेंगदाणे आणि ओले दाणे, मग गाजर, मग वांगं, बोरं सगळ्यात शेवटी कारण ती लगेच फुटतात. "ज्याला वेळ लागतो त्याला आधी बसव," एवढंच सूत्र. बाजरीचं पीठ थापताना माझी भाकरी कडेनं तडकत होती, तर तिनं डाव्या हातानं परातीतल्या पिठाला नुसतं बोट लावलं आणि म्हणाली अजून मळ, पाणी नको, मळच. पाच मिनिटं मळल्यावर भाकरी थापली गेली. काळ्या बाजरीवर पांढरे तीळ, तव्यावर तिळांचा चटचट आवाज, वर लोण्याचा गोळा. त्या जेवणाबद्दल आणखी काही लिहीत नाही, ज्यांनी खाल्लंय त्यांना माहितीये.

जानेवारीच्या शेवटी पोपटी झाली. रायगडातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच मडक्यात भाजायच्या, ती पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, ही रानात आपोआप उगवणारी, उग्र वासाची वनस्पती. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, रताळी, कोनफळ. पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला कोंबून कोंबून भरायचा आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती गोवऱ्या, पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. लोक त्यात कोंबडी, अंडीही घालतात, आमच्या घरची पोपटी पहिल्यापासून शाकाहारी. अर्ध्या तासानं चुलतभावानं तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, चुर्र झालं, झाली म्हणाला. मडकं उघडलं तेव्हा जो वास आला तो मी शब्दांत नाही आणू शकत, पाल्याचा, ओव्याचा, जळक्या मातीचा. शेंगा हिरव्याच, आतले दाणे लोण्यासारखे. आणि त्या मडक्यात पाण्याचा एक थेंबही घातलेला नव्हता! सगळं शेंगेच्या आणि पाल्याच्या वाफेवर. आईला खुर्ची नेऊन शेताच्या बांधावर बसवलं होतं, शाल पांघरून, मी शेंगा सोलून तिच्या डाव्या हातात देत होतो.

आता वालाचं बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालाची उसळ. हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आमच्याकडचे कडवे वाल म्हणजे भात कापलं की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेलं पीक. त्याला पाणी देत नाहीत. पावसाची राहिलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर ते झाड वाढतं, शेंगा धरतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा वाळून तयार होतो. थोडासा कडसर, घट्ट, आणि त्याचा एक स्वतःचा उग्र वास. मी पुण्यात ते कुकरला लावायचो, एक शिट्टी जास्त झाली की पिठलं, कमी झाली की दडदडीत. पॅकेटमधले मोड आलेले वालही आणून बघितले, एकदा घरी येईपर्यंत आंबले होते, तेव्हापासून बंद केले.

आई म्हणाली, गेल्या वर्षीचे वाल आहेत, सकाळी भिजव, रात्री उपस. नवे असते तर कमी वेळ लागला असता. रात्री उपसले तेव्हा तिनं ताट मांडीवर घेतलं आणि डाव्या हातानं दाणे पसरवून त्यातले गणंग काढायला लावले. गणंग हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि पार विसरून गेलो होतो. भिजून न फुगलेला दाणा, दगडासारखा राहतो तो, शिजत पण नाही आणि दाताखाली आला की दात हलतो. बाकीचे फुगून टपोरे झालेले, कातडी सैल पडलेली, आणि हे मधेच बारीक, गुळगुळीत, चकचकीत. बोटाला कळतात. नंतर पंच्यात बांधून डब्यात ठेवले, थंडी होती म्हणून डबा चुलीच्या उबेला, तरी मोड यायला दीड दिवस लागला.

सोलणं. कोमट पाण्यात मोड आलेले वाल घालायचे, दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा आणि मोडाच्या उलट्या टोकाला हलकेच दाबायचा. सटकन आतली डाळिंबी बाहेर येते, सालीची पिशवी हातात राहते. जोर लावला तर डाळिंबीचे दोन तुकडे होतात, कमी लावला तर काहीच होत नाही. "दाबू नको, ढकल," आई म्हणत होती. पहिल्या पंधरा मिनिटांत माझी अर्धी वाटी झाली. तिच्या मोडक्या हाताची बोटं प्लॅस्टरच्या बाहेर होती आणि ती बोलताना आपोआप हलत होती, अंगठा आणि तर्जनी, हवेतच. डॉक्टरांनी बोटं हलवत राहा सांगितलंच होतं म्हणा.

फोडणीत तेल, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हळद. त्यावर डाळिंब्या. एकदा परतायचं, आणि त्यानंतर चमचा लावायचा नाही, कढईचे कान धरून हलवायची, नाहीतर डाळिंब्या मोडतात. आणि मग खोलगट ताट झाकण म्हणून ठेवायचं आणि त्या ताटात वर पाणी ओतायचं. हे मी लहानपणापासून हजार वेळा बघितलं होतं, आईच्या कढईवर पाण्यानं भरलेलं ताट, आणि कधी विचारलं नव्हतं का ते. खालून वाफ येते, गार ताटाला लागते, तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब परत भाजीवर पडतं. म्हणजे भाजी स्वतःच्याच वाफेवर शिजत राहते, करपत नाही. आणि तोवर वरचं पाणी तापतं. भाजीला जर थोडं लागलंच, तर तेच गरम पाणी ताट तिरकं करून कडेनं सोडायचं. गार पाणी कधीच नाही, शिजत्या कडधान्यात गार पाणी पडलं की ते अडून बसतं, आईचा शब्द आहे हा. आमसूलही शेवटी, डाळिंबी बोटानं दाबली जाईल तेव्हाच, कारण आंबट आधी पडलं तर दाणा मऊच होत नाही.

माझी मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद करून मी लॅपटॉप ओट्यावरच ठेवला होता. आई बाहेरच्या खोलीत. तिथून हाक आली, "अरे बघ, आवाज कोरडा झालाय."

आवाज कोरडा! मी ताट उचललं तर खरंच तळाशी पाणी संपत आलेलं होतं, अजून मिनिटभर आणि लागलं असतं. आवाज ओला असतो तेव्हा कढईतून बुडबुड येते, आटत आलं की बारीक चुरचुर. ती ते दुसऱ्या खोलीतून ऐकत होती, बहुतेक पन्नास वर्षं ऐकत आलेली, मधे घरात कितीही माणसं, रेडिओ, आमची भांडणं असली तरी. मी ताटातलं गरम पाणी कडेनं सोडलं, मग मीठ, तिखट, गुळाचा खडा, नारळाचं दूध, दोन आमसुलं, कोथिंबीर. तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. ती म्हणाली, "जमलं." एवढंच. मी त्या रात्री बायकोला फोन करून तासभर वाल या विषयावर बोललो.

फेब्रुवारीत पांढरा कांदा यायला लागला. अलिबागचा हा कांदा, आता जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय त्याला, वडखळ-अलिबाग रस्त्यावर त्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. तोही भाताच्या मागून त्याच शेतांत होतो. त्याला शिजवायचं नाही, माझं तरी ठाम मत आहे. हातानं फोडायचा, मीठ लावायचं, भाकरी, बिरडं. सफरचंदासारखा पाणीदार आणि गोड असतो तो, आणि ते गोड पाणीच तर खायचंय, ते तेलात जाळून काय मिळणार?

प्लॅस्टर निघालं तेव्हा हात बारीक झाला होता, कातडी कोरडी, मनगट वळत नव्हतं. व्यायाम दिले, स्पंजचा बॉल दाबायला दिला. तो तिनं एक दिवस दाबला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या शेतातले या वर्षीचे पहिले वाळलेले वाल आले, किलोभर, अजून शेताचा वास असलेले. तिनं ओंजळ भरून नाकाशी धरले, मग मला म्हणाली भिजव.

भिजवल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी काम संपवून आलो तर ती पाटावर बसली होती, पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं, उजवा हात पाण्यात. मी शेजारी बसलो आणि पातेल्यात हात घालणार तेवढ्यात तिनं डाव्या हातानं माझा हात बाजूला केला.

"राहू दे. मला करू दे."

पहिला दाणा तीनदा निसटला. चौथ्यांदा चिमटीत आला, पण बोटांत जोर नव्हता, बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग हळूच सटकला. अखंड. तिनं तो पाण्यातून काढून हातावर घेतला, बघितला आणि वाटीत टाकला. दुसरा घेतला. बाहेर ऊन उतरत होतं, मांजर पडवीत येऊन बसलं. एक वाटी व्हायला तिला दीड तास लागला आणि त्या दीड तासात आम्ही दोघं फार काही बोललो नाही, एकदाच तिनं मान वर न करता विचारलं, "गणंग काढलेस ना रे नीट?"

"काढले."

"किती निघाले?"

"चारच."

"नवे आहेत ना," ती म्हणाली, आणि पुढचा दाणा घेतला.